हलके इंधन की हलके इंजिन?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतील विमानाच्या जन्मकथेवरचा लेख आवडला. मात्र पेट्रोलसारखे हलके इंधन हाती आले म्हणूनच विमान उडाले, हे त्यातील विधान अर्धेच खरे आहे, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते. किलोमागे मिळणारी उष्णता पाहिली तर पेट्रोल आणि रॉकेल यांत फारसा फरक नाही, आणि रॉकेल त्याच्या कितीतरी आधीपासून दिव्यांत जळत होते. खरी अडचण होती ती बाष्पयंत्राचा बॉयलर आणि त्यातले पाणी यांच्या वजनाची. फ्रान्सच्या क्लेमाँ आदेर यांनी १८९० मध्ये अल्कोहोलवर वाफ करून आपले यंत्र जेमतेम वीतभर उंचीवरून पन्नासेक मीटर नेले (फेणीचा असा उपयोग आपल्याकडे कोणाला सुचला नाही, हे बरेच झाले), तर हायरम मॅक्सिम यांनी १८९४ मध्ये नॅफ्था हे हलके खनिज तेल जाळून केलेल्या वाफेवर विमानाचा साडेतीन टनांचा डोलारा रुळांवरून धावता केला.

याहून मौजेची गोष्ट पाउल हेनलाइन या जर्मन अभियंत्याची. त्यांनी १८७२ मध्ये हवाई जहाजाच्या फुग्यातलाच कोळशाचा वायू इंजिनाला पुरवला. इंधनाचे ओझे मुळीच नाही, उलट तेच जहाजाला वर धरणारे. पण जितके जाळावे तितके जहाज खाली येणार, म्हणजे बसल्या फांदीवरच कुऱ्हाड!

पेट्रोलचा गुण असा की त्याची साध्या तापमानालाही वाफ होते आणि ते हवेत मिसळून थेट सिलिंडरमध्ये जळते, त्यामुळे बॉयलर आणि भट्टी दोन्ही गळून पडतात. राइट बंधूंच्या १९०३ च्या इंजिनाला तर धड कार्ब्युरेटरही (पेट्रोल नि हवा यांचे मिश्रण करणारा भाग) नव्हता. तापलेल्या सिलिंडरांशेजारच्या उथळ कप्प्यात पेट्रोल ठिबकत असे आणि तिथेच त्याची वाफ होई. १२ अश्वशक्तीच्या त्या इंजिनाचे वजन सुमारे ८२ किलो, म्हणजे अश्वशक्तीमागे जवळपास सात किलो होते. दाबोळीजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात जे सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे, त्या जातीच्या विमानांच्या इंजिनांत हेच प्रमाण अर्ध्या किलोवर आले होते, आणि इंधन मात्र पेट्रोलच. आज दाबोळीला नि मोपाला उतरणारी जेट विमाने तर पुन्हा रॉकेलच्याच जातीचे इंधन जाळतात.

तरी पुढील पुरवणीत या विधानाची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, म्हापसा