आजच्यापुरती कृपा

प्रिय लेकी,

प्रभूच्या नावाने सलाम.

तुझं पत्र मिळालं. जावयांची नोकरी गेलेली, त्यात तुझं हे दुखणं, आणि शेवटी तू लिहितेस, "आई, बहुतेक माझा विश्वासच कमी पडतोय." बाकीचं सगळं वाचून जीव कळवळला, पण हे एक वाक्य मला मान्य नाही. कुणी तुझ्या मनात ते भरवलं असेल, तर बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा १२वा अध्याय पुन्हा उघड.

ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाच्या शरीरात काटा होता. तो नेमका कसला, हे त्याने लिहिलेलं नाही. तो दूर व्हावा म्हणून त्याने तीनदा प्रभूची विनवणी केली. ज्याने पाच वेळा ३९ फटके खाल्ले, ज्याचं तारू तीनदा फुटलं, त्याचा विश्वास कमी पडला असं कोण म्हणेल? तरी काटा राहिला. उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे." आणि वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत स्वतः प्रभू येशूने तीनदा तीच प्रार्थना केली, तरी दुःखाचा प्याला टळला नाही. तेव्हा दुखणं राहिलं म्हणून देव रुसला, असं मनात आणू नकोस.

पुढचं वर्ष कसं निघणार, असं तू विचारतेस. बाळा, पुढच्या वर्षाची ताकद आज शोधशील तर सापडणार नाही. रानात इस्राएलांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, रोज सकाळी मिळायचा, त्या दिवसापुरता. शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या दिवसासाठी, आदल्या दिवशी दुप्पट, एवढाच अपवाद. ज्यांनी उद्याच्या काळजीने साठवून ठेवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले. पण ४० वर्षांत तो थांबला नाही. कनान देशाचं धान्य खाल्ल्यावरच थांबला. माझ्या कठीण दिवसांतही मला असंच मिळत गेलं. आदल्या रात्री हाती काहीच नसायचं, सकाळी उठण्याइतकं बळ यायचं.

आणखी एक. संदेष्टा एलीया रानात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, मग दूताकडून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा जेवायला उठवलं. वाट लांबची होती म्हणून. तू रात्र रात्र जागून प्रार्थना करतेस, औषधं मात्र चुकवतेस. असं करू नकोस गं. झोप आणि औषध हीसुद्धा त्याच्याच हातून येतात. शब्द सुचत नसतील तर ८८वं स्तोत्र वाच. ते अंधारातच संपतं, तरी ती प्रार्थनाच आहे. तेही जमलं नाही तर नुसतं कण्हत पड. पवित्र आत्मा आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असं रोमकरांस पत्रात लिहिलंय.

मंडळीत कुणाला काही सांगितलं नाहीस, हे मला खटकलं. एकमेकांची ओझी वाहा, ही ख्रिस्ताची आज्ञा आहे, आणि तू तुझं ओझं कुणाला दिसूच देत नाहीस. पाळकबाईंना तरी सांग. बाबा आणि मी पुढच्या आठवड्यात येतोय, मुलांचं आणि स्वयंपाकाचं मी बघेन. नको म्हणू नकोस.

तुझी,
आई