मोबाइल म्हणजे बॅग नव्हे

अमेरिकेच्या विमानतळांवरील मोबाइल तपासणीचे समर्थन करणारा लेख वाचला. ‘लपवायचे नसेल तर घाबरायचे कशाला’ हा त्यातील सूर मुळीच पटला नाही. अटक केलेल्या माणसाचा मोबाइलसुद्धा पोलिसांनी सहसा वॉरंटशिवाय तपासू नये, असा निकाल तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रायली खटल्यात एकमताने दिला. मग कसलाही आरोप नसलेल्या प्रवाशाला एवढेही संरक्षण का नसावे? तिथल्या सीमा यंत्रणेच्या २०१८ च्या नियमांनुसार, फोन यंत्राला जोडून माहिती उतरवून घ्यायची तर वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचे कारण लागते. अधिकाऱ्याने तो हातात घेऊन नुसता चाळायचा तर तेही लागत नाही. खरी मेख इथेच आहे. अंगठा सरकवत गेले की आईचे वैद्यकीय अहवाल, मुलांचे फोटो, वकिलाला अशिलाने पाठवलेले निरोप, सगळे परक्या डोळ्यांखालून जाते. त्या माणसांची परवानगी कोणी घेतली? न्यूझीलंडमध्ये पासवर्ड नाकारल्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, पण त्याआधी संशयाला वाजवी कारण असावे लागते. फोन नुसता चाळण्यासाठीही निदान एवढी अट हवीच.