खुले पत्र : माझ्या कार्डावरच्या न झालेल्या तपासण्यांबद्दल

प्रति,
मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : गरोदरपणापासून बाळंतपणानंतरच्या सव्वा महिन्यापर्यंत एकच सिस्टर मिळण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. आपल्याकडे वेळ कमी असतो, म्हणून एका पानात आटोपायचं असं ठरवून बसले आहे. जमेल असं वाटत नाही.

गेल्या आठवड्यात लेकीला दीड महिन्याच्या डोसाला घेऊन उपकेंद्रात गेले होते. डोस झाला, लेकीनं रडून घेतलं, सिस्टरनं माझं माता-बाल संरक्षण कार्ड मागितलं. त्यातली बाळंतपणानंतर आईला तपासायची जागा कोरी होती, कारण मला कुणी तपासलंच नव्हतं. सिस्टरनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत मागच्या तारखा टाकल्या. प्रत्येक तारखेसमोर बीपी लिहिलं, ११०/७०. खाली सह्या ठोकल्या. एकाच निळ्या पेनानं, एका दमात. रांग दारापर्यंत गेलेली, त्यांना मान वर करायलाही सवड नव्हती. मी म्हणलं, "सिस्टर, बाळंतपणात माझं बीपी १६०/११० झालं होतं. नंतर ते उतरलं का नाही, कुणी बघितलं नाही." त्या म्हणाल्या, "ताई, वरून एन्ट्री मागतेत. संध्याकाळी मीटिंग आहे."

तर आपल्या कॉम्प्युटरवर मी ठणठणीत आहे. आपलं अभिनंदन.

घरी मात्र खालचे टाके पिकले होते. बसता येत नव्हतं, अंगावर पाजता येत नव्हतं. कूस बदलायची म्हणलं तरी माय लागायची. आशाताई तेवढ्या यायच्या. तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत सहा भेटी द्यायच्या असतात, त्यांनी इमानदारीनं दिल्या. बाळाला झोळीत घालून वजन केलं, काखेत थर्मामीटर लावलं. टाक्यांचं सांगितल्यावर म्हणाल्या, "हे माझ्या हातातलं नाही, सिस्टरला दाखवा." कोणत्या सिस्टरला? सासरच्या, माहेरच्या, का जिनं टाके घातले तिला? तिचं तर नावही मला ठाऊक नाही. शेवटी भाऊ मोटारसायकलवर बसवून तालुक्याच्या खाजगी डॉक्टरकडे घेऊन गेला. पिकलेले टाके आणि मोटारसायकल, पुढचं आपण समजून घ्या.

माझी मागणी एका ओळीची आहे. बाईला दिवस गेल्याचं कळल्यापासून बाळंतपण होऊन सव्वा महिना उलटेपर्यंत, ओळखीची एकच शिकलेली सिस्टर असावी. तिला सुट्टी लागेल, ताप येईल, तेव्हा तिच्या जोडीची दुसरी, तीही तोंडओळखीची. एवढंच.

अशी एक सिस्टर मला भेटली होती. माझं सासर लातूर जिल्ह्यात. तिथल्या उपकेंद्रात त्या कंत्राटी होत्या. पहिल्या तपासणीला त्यांनी मला बसवून घेतलं, काय खाते, पाणी किती लांबून आणते, नवरा कसा आहे, सगळं विचारलं. सहाव्या महिन्यात बीपी जरा वर दिसलं तेव्हा कार्डावर लाल पेनानं लिहिलं, "बीपीकडे लक्ष ठेवणे". मला म्हणाल्या, "डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं काजवे आले, तोंडावर सूज आली, तर वाट बघायची नाही. मला फोन." मी बी.एड. झालेली बाई आहे, पण हे मला कोणत्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

सातव्यात ओटी भरली आणि मी माहेरी आले, बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आपल्या खात्याला बहुधा ठाऊक नसावी. ठाऊक असती तर गावोगावच्या पहिलटकरणी ऐन जोखमीच्या महिन्यांत एका सिस्टरच्या हातातून सुटून दुसऱ्या जिल्ह्यात जातात, याचा कुणीतरी विचार केला असता. माझी नोंद सासरच्या रजिस्टरात राहिली, मी माहेरच्या अंगणात. आठव्या महिन्यात फोन केला तर त्या सिस्टर म्हणाल्या, "माझी ऑर्डर संपली, नवी आलेली नाही, मी घरीच आहे. पण डोकं दुखलं तर थांबू नकोस बरं." पगार बंद झालेली बाई मला हे सांगत होती.

कळा सुरू झाल्या तेव्हा जवळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. मायला जाळीच्या दाराबाहेर थांबवलं. बाळंतपणात सोबतीला घरची एक बाई असू द्यावी हे केंद्र सरकारनं २०१६ मध्येच मान्य केलं आहे. जाळीच्या दाराला ते कळलेलं नाही. आणि माझं कार्ड मायच्या पिशवीत! लाल पेनानं लिहिलेलं वाक्य दाराबाहेर, मी आत. एका सिस्टरनं आत हात घालून तपासलं, कागदावर काही लिहिलं नाही. ड्युटी बदलली. दुसरीनं पुन्हा तपासलं. कितवी खेप, शेवटची पाळी कधी, सगळी उजळणी पहिल्यापासून. मी म्हणलं डोकं फुटायला लागलंय. "कळांत डोकं दुखतंच," असं उत्तर मिळालं. ओरडले तर मांडीवर चापट बसली आणि जे ऐकवलं ते कित्येक सरकारी लेबर रूममध्ये बायकांना ऐकवतात: "तेव्हा गोड लागलं, आता का बोंबलतीस?" आपल्या घरच्या बाईला कुणी असं बोललं तर काय होईल, याचा मी अधूनमधून विचार करते.

तिसऱ्या ड्युटीच्या सिस्टरनं बीपी मोजलं. मग पळापळ. "झटके येतील, इथं रिस्क नको." इंजेक्शन, १०८, आणि आमच्याकडचे रस्ते. मोठ्या दवाखान्यात लेक झाली, दोघी जगलो. त्या तिसऱ्या सिस्टरची मी ऋणी आहे. पण तोपर्यंत ज्यांनी मला हात लावला त्यांतल्या एकीलाही माहीत नव्हतं की हिचं बीपी सहाव्या महिन्यापासून चढतंय. जिला माहीत होतं ती ऑर्डरची वाट बघत घरी बसली होती.

आपले अधिकारी आपल्याला सांगतील, एकच सिस्टर हे शहरी बायांचे लाड आहेत. त्यांना विचारा. २०१६ मध्ये या पद्धतीवरच्या पंधरा अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता, सतरा हजारांवर बायका होत्या त्यात. पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच शिकलेल्या सुईणींच्या हाताखाली राहिलेल्या बायकांची बाळंतपणं जास्त करून सरळ झाली, चिमटे लावण्याची पाळी कमी आली, दिवस भरायच्या आत बाळ होण्याचं प्रमाण जवळजवळ पाव हिश्श्यानं कमी भरलं. हो, हे सगळं इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडचं आहे. आमची गर्भाशयं वेगळी असतात का? त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनंही जिथं चांगल्या सुईणी आहेत तिथं हीच पद्धत ठेवा असं सुचवलं. इंग्लंडनं तर तसं धोरणच केलं, पण माणसं पुरेनात म्हणून २०२२ मध्ये ते पुरं करायची मुदत काढून टाकली. निदान लिहून दिलं की जमत नाही. आपण तेही देत नाही. आपण कार्डावर ११०/७० लिहितो.

आणि आपल्याकडे धोरण नाही असंही नाही. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारनं मिडवायफरीची, म्हणजे शिकलेल्या सुईणीच्या कामाची, मार्गदर्शक तत्त्वं काढली. नर्सला दीड वर्षाचं जादा शिक्षण द्यायचं, तिच्या ताब्यात बाळंतपणाचा वेगळा कक्ष द्यायचा, बाईचा मान राखायचा, सगळं लिहिलं आहे. त्याच्या आधीच तेलंगणानं करीमनगरला सुरुवात केली होती. करीमनगर काही लंडनला नाही. नांदेडच्या पलीकडं सीमा ओलांडली की तेलंगणाच लागतं. निजामाच्या राज्यात आम्ही आणि ते एकाच दरबारात हात जोडून उभे होतो. ते कुठं गेले बघा. मला या सगळ्या प्रवासात तसं शिकलेली एकही सिस्टर भेटली नाही.

"मनुष्यबळ नाही" हे उत्तर तयार असेल. मग हिशेब करू. पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र. राज्याचा जन्मदर हजारी पंधराच्या आसपास, म्हणजे वर्षाला पंचाहत्तर बाळंतपणं. ज्या देशांत ही पद्धत चालते तिथं एका सुईणीकडे वर्षाला पस्तीस-चाळीस बाया असतात. दोन सिस्टर झाल्या की हिशेब बसला! एक कायम, एक कंत्राटी अशा दोघी बऱ्याच उपकेंद्रांत कागदावर आहेतच. पण त्यांना बाळंतिणीकडे जाऊ कोण देतं? लसीकरण त्यांचं, कुटुंब नियोजनाचं टार्गेट त्यांचं, साथ आली की घरोघर सर्व्हे त्यांचा, शिबिरं त्यांची, आणि एवढं करून रात्री मोबाईलवर एन्ट्र्या. सर्कशीतल्या बाईला दोरीवर चालवायचं आणि वर तिच्याच हातात तिकीटविक्री द्यायची, तसं चाललंय. मला ११०/७० लिहून देणाऱ्या सिस्टरचा राग यायला हवा. येतोही. पण त्यांच्या टेबलावरची रजिस्टरांची चवड मी पाहिली आहे.

कुणी म्हणेल, बाईला जुन्या सुईणीचे दिवस परत हवेत. मुळीच नको. माझ्या आजीची सगळी बाळंतपणं एकाच सुईणीनं केली. पोट दिसायला लागल्यापासून ती घरी यायची, पाचवी पूजेपर्यंत अंग चोळायची, शेक द्यायची. आजीची दोन लेकरं तिच्याच हातात गेली. ती माया हवी, पण बीपीचं यंत्र आणि इंजेक्शन घेऊन आलेली हवी. यात कठीण काय आहे?

माझं तरी बरं. मी शिकलेली, भावाकडे मोटारसायकल. आमच्या गावातल्या निम्म्या बायका दिवाळी झाली की कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात. उचल घेतलेली असते, मुकादमाला पोटातल्या महिन्यांशी देणंघेणं नसतं. पाचवा महिना गावात, सातवा सांगली-कोल्हापूरच्या फडावर, नववा कर्नाटकात, बाळंतपण कोपीत नाहीतर वाटेत. यांचं कार्ड कोणत्या सिस्टरकडे? २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण गाजलं तेव्हा ८२ हजारांवर बायकांना विचारलं, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहात एक. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, एवढ्यावर जिला कॅन्सरची भीती घातली, तिला "थांब, आधी गोळ्या घेऊन बघू" म्हणणारी एक ओळखीची सिस्टर असती तर? समिती नेमली, अहवाल आला, बायका पुन्हा फडावर गेल्या.

तुम्ही भाषणात सांगता, महाराष्ट्रात मातामृत्यू कमी. खरं आहे. २०१८ ते २० चा आकडा लाख जन्मांमागे ३३, तेव्हा देशाचा ९७ होता. शंभरातली पंचाण्णव बाळंतपणं दवाखान्यात होतात हेही खरं. मी त्या पंचाण्णवांत आहे आणि त्या तेहतिसांत नाही, म्हणजे तुमच्या हिशेबानं माझी काही तक्रारच नाही. न मेलेल्या बाईची तक्रार कोणत्या रकान्यात लिहायची, हे मला अजून सापडलेलं नाही.

पैसे नाहीत असं तर म्हणूच नका. १६ सप्टेंबर २०२३ ला अख्खं मंत्रिमंडळ छत्रपती संभाजीनगरात येऊन मराठवाड्यासाठी पंचेचाळीस हजार कोटींच्या वर घोषणा करून गेलं. त्यानंतर पंधरा दिवसांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस माणसं गेली, त्यांतली बारा नवजात बाळं. एका खासदारानं अधिष्ठात्यांना संडास साफ करायला लावलं, ते टीव्हीवर दिसलं, आणि आपण सगळे पुढच्या बातमीकडे वळलो. इथं कोनशिला बसते, फीत कापली जाते, इमारतीला रंग लागतो. माणसाची ऑर्डर मात्र अकरा महिन्यांची. जनआरोग्य, जननी सुरक्षा, मातृवंदना, सुमन, लक्ष्य. योजनांची नावं पाठ करता करता बाळंतपण होऊन जातं. जननी सुरक्षेचे सातशे रुपये २००५ पासून सातशेच आहेत. त्यात आता काय येतं, ते मंत्रालयासमोरच्या एखाद्या हॉटेलात विचारा.

पत्र लांबलं. मुद्द्यावर येते. पहिलटकरीण माहेरी जाते तेव्हा सासरच्या सिस्टरनं माहेरच्या सिस्टरला स्वतः फोन करून तिला सोपवावं, आणि हे तिच्या कामात धरावं. कंत्राटी सिस्टरची ऑर्डर तिच्याकडे नोंदलेल्या शेवटच्या बाईचा सव्वा महिना होईपर्यंत संपू नये. लेबर रूममध्ये बाईसोबत तिची माय किंवा सासू, आणि त्यांच्या हातातलं कार्ड, आत जाऊ द्यावं. याला एक रुपया लागत नाही. २०१८ च्या धोरणाप्रमाणे मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत किती सिस्टर शिकवून तयार केल्या, तो आकडा जाहीर करावा. शून्य असेल तर शून्य लिहावं.

एक विनंती मात्र कळकळीची. हे पत्र "पुढील कार्यवाहीस्तव" म्हणून संचालकांकडे, तिथून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, तिथून तालुक्याला असं खाली ढकलू नका. तसं केलंत की शेवटी ते त्या उपकेंद्रातल्या सिस्टरच्याच टेबलावर जाऊन पडेल आणि तिला कारणे दाखवा नोटीस निघेल. तिचं नाव म्हणूनच लिहिलेलं नाही. दवाखान्याचंही नाही, गावाचंही नाही. नोटीस काढायचीच असेल तर जो तिच्याकडून संध्याकाळच्या मीटिंगला एन्ट्र्या मागतो त्याला काढा, आणि त्याच्याकडून कोण मागतो तेही एकदा विचारा. विचारत विचारत वर गेलात तर पत्ता तुमच्याच ऑफिसचा निघेल असा माझा अंदाज आहे.

कळावे,
एक बाळंतीण
(मुक्काम सध्या माहेर, जि. बीड)

ता.क. काल तालुक्याला जाऊन पैसे भरून बीपी मोजून घेतलं. १४०/९० आहे. आपल्या रेकॉर्डला दुरुस्ती करून घ्यावी.