पट्टीवरच्या दोन ओळींसाठी

आदरणीय बाई,

सादर नमस्कार. हे उघड पत्र लिहितोय, कारण वाचनालयाच्या काउंटरवर चार माणसं उभी असताना मनातलं बोलता येत नाही, आणि तुम्हीही "असू दे हो" म्हणत पुढच्याचं पुस्तक नोंदवायला घ्याल.

आमच्या सीमाभागातल्या वाचकांनी दुसऱ्या एका ठिकाणी (नाव नको) वर्षानुवर्षं एकच वाक्य ऐकलंय : "असलं काय वाचता? जरा चांगलं वाचा." मागायची प्रेमकथा, हातात पडायची जाडजूड ऐतिहासिक कादंबरी. ती न उघडताच परत यायची आणि मग माणूसही फिरकायचा नाही. चंद्रकांत काकोडकरांच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या कथेवर अश्लीलतेचा खटला चालला होता, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती अश्लील नाही असा निकाल दिला. इतकी वर्षं झाली, तरी प्रेमकथा मागणाऱ्याला अजून मान खाली घालावी लागते, याचा फार राग येतो.

तुम्ही "कुठला लेखक आवडतो?" असं कधीच विचारत नाही. बहुतेकांना त्याचं उत्तरच देता येत नाही, उलट परीक्षेला बसल्यासारखं होतं. तुम्ही विचारता, "मागचं कुठलं पुस्तक अर्ध्यावर सोडलंत, आणि का?" हे मात्र सगळ्यांना सांगता येतं. "लई रडवतंय वो" म्हणणारीला गोड शेवट हवा असतो. "कायच घडत न्हाई" म्हणणाऱ्याला वेग हवा असतो. "प्रेमाचं द्या" म्हणणाऱ्यांतही कॉलेजातलं प्रेम हवं असणारी वेगळी आणि लग्नानंतर हळूहळू जमत गेलेलं हवं असणारी वेगळी. दोघींना एकच पुस्तक दिलं की एक तरी नाराज होणारच.

भुताखेतांचं तर आणखी नाजूक. नारायण धारपांच्या समर्थकथांत वाईट शक्तीशी झुंजणारा, आधार देणारा माणूस असतो, म्हणून भयकथेच्या वाटेला पहिल्यांदाच आलेल्याला त्या झेपतात. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेत भीती ओळखीच्या घरातून, आपल्याच माणसांतून येते आणि दिवा मालवल्यावर आठवते. घरी एकटं राहणाऱ्याला ती द्यायची तर आधी विचारलेलं बरं. कन्नड माध्यमात शिकलेली मुलं मराठी जरा सावकाश वाचतात. त्यांच्या हातात तीनशे पानांची कादंबरी दिली तर भीती तयार व्हायच्या आधीच ती दमतात. त्यांना तुम्ही एका बैठकीत संपणारी दहा-बारा पानांची कथा काढून देता. आणि पुस्तक देण्याआधी शेवटचा फॉर्मा (एकत्र शिवलेली सोळा पानं) चाळता. ती पानं निसटलेली असली तर भयकथेचा जीवच गेला.

पण आभार मानायचेत ते तुम्ही पुस्तकात ठेवता त्या पट्टीचे. पुस्तकांची सूची संगणकावर गेल्यावर तुम्ही सूचीची जुनी कार्डं फेकली नाहीत. पाच बाय तीन इंचांच्या कार्डाचे उभे तीन तुकडे केलेत, आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं दोन ओळी : "शेवट गोड. मध्यावर बाळ दगावतं, नको वाटलं तर तसंच परत आणा." पेन्सिल यासाठी, की दुसऱ्या वाचकाचं मत वेगळं पडलं तर खोडून सुधारता येतं. वडगावात मागावर काम करणारी, नुकतंच मूल गमावलेली एक बाई ती पट्टी वाचून पुस्तक न वाचताच परत घेऊन आली. तुम्ही कारण विचारलं नाही. पुस्तक पालथं ठेवलंत आणि दुसरं दिलंत. बाकी लोक त्याला शिस्त म्हणतील, आम्हाला ती माया वाटते. समोरच्याला न दुखवता देणं सगळ्यांना जमत नाही. पैसे असोत, औषध असो की पुस्तक.

एक विनंती. पट्टी पुस्तकाच्या मध्यात ठेवली की वाचक तिथवर पोचेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि सैल असल्यानं ती पडतेही. पुढच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला खळीनं एकच कड चिकटवली तर टिकेल, आणि उचलून खालचं वाचताही येईल. पावसाळ्यात खळीला कसर लागते, म्हणून ती शिजवताना चिमूटभर मोरचूद घाला. मोरचूद विषारी असतो, तेव्हा भांडं वेगळंच ठेवा.

सोबत दोनशे पट्ट्या कापून पाठवल्यात. जुन्या लग्नपत्रिकांच्या आहेत, एक बाजू कोरी आहे.

तुमचे,
खानापूर तालुक्यातले वाचक