माझ्या मुलाला कोणी विचारलंच नाही: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शिक्षणमंत्री, गुजरात राज्य, यांस
स. न. वि. वि.

मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहते. माझा मुलगा सातवीत होता. 'होता' लिहिताना हात थरथरतो. दीड महिन्यापूर्वी शाळेनं त्याचा दाखला माझ्या हातात ठेवला.

आरोप काय, तर वर्गातल्या पंख्याचं पातं वाकवलं. तीन तास त्याला ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवलं, माफीनामा लिहून घेतला आणि मग मला फोन केला. कागदावर 'चूक' शब्दाशी शाई पसरलीय; तिथं तो रडला होता. त्या वेळी तो मैदानावर होता असं सांगायला दोन मुलं तयार होती. त्यांना कोणी बोलावलं नाही. माझ्या मुलालाही कोणी 'काय झालं?' विचारलं नाही.

दाखल्यावर 'वर्तणूक' या रकान्यात 'असमाधानकारक' लिहिलंय. गुजरातीतही वर्तणूकच म्हणतात, त्यामुळे कुठल्याही शाळेत ते समजावून सांगावं लागत नाही. तीन शाळांनी तो रकाना वाचून दाखला परत केला.

साहेब, शिक्षण हक्क कायद्याचं कलम 16 मला आता पाठ झालंय. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीत मागे ठेवायची मुभा आली, काढून टाकायची नाही. कलम 17 तर मानसिक छळालाही मनाई करतं. हे सगळं मी शिक्षण कार्यालयातल्या अधिकाऱ्यांना वाचून दाखवलं. 'आठ दिवसांत चौकशी लावतो, बेन,' म्हणाले. आज 31 दिवस झाले. चार वेळा कामावर रजा टाकून गेले. दर वेळी 'साहेब मीटिंगमध्ये आहेत.'

शिक्षा करण्याआधी आईवडिलांसमोर मुलाचं म्हणणं ऐका, निर्णयाची कारणं लेखी द्या, तक्रारीचा निकाल ठरलेल्या तारखेला लावा. एवढंही जमत नसेल तर कायदा केला कशाला? आणि नववीपासून तर कलम 16चा आधारही नाही. त्या मुलांनी कुणाकडे जायचं?

याच शहरातून सयाजीराव महाराजांनी 1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड व्हायचा. आज मी पाठवायला तयार आहे आणि शाळाच दार लावते. तिला कोण दंड करणार? तुमची खुर्ची, तुमचं खातं, सगळे शाळेच्याच बाजूनं उभे आहेत असं मला वाटू लागलंय.

चौकशी लावा. त्या दोन मुलांना विचारा, माझ्या मुलाला विचारा. आणि दाखल्यावरचा तो शब्द खोडून द्या.

एक आई, वडोदरा