शनिवारी येताना पंप आणा
मंडळी, शनिवारच्या मीटिंगला आपापला दम्याचा-श्वासाचा पंप (इनहेलर) आणि स्पेसर (स्प्रेवाल्या पंपाला जोडायची नळी) आणा, रिकामा असला तरी चालेल. सीओपीडीत (दम लागणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) बऱ्याच जणांचं औषध फुफ्फुसात जायच्या ऐवजी घशातच बसतं, कारण स्प्रेवाल्या पंपाला श्वास हळू आणि खोल ओढायचा आणि पावडरवाल्याला जोरात, आणि आपण नेमकं उलट करतो. मग साधारण 10 सेकंद श्वास रोखायचा, स्टेरॉइडवाला असेल तर चूळ भरून थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते. बरं वाटतंय म्हणून रोजचा पंप परस्पर बंद करू नका प्लीज!! कफ वाढला, हिरवा-पिवळा झाला किंवा दम नेहमीपेक्षा जास्त लागला तर शनिवारची वाट न बघता डॉक्टरांना गाठा. आणि हो, परफ्यूम मारून येऊ नका, मागच्या वेळी अर्धा हॉल खोकत होता.