बागेत काय उडत जायचं?

संपादक साहेब, नमस्कार.

परवा आपल्या पेपरात बातमी वाचली की आमची महापालिका आता नव्या बागा आणि खेळाची मैदानं कुठे करायची ते जीआयएसवरून, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशांवरून, ठरवणार. वाचून खरंच बरं वाटलं, कारण आजवर बाग कुठे होणार हे त्या वॉर्डाचा नगरसेवक किती वजनदार यावर ठरायचं, त्यापेक्षा नकाशा कधीही चांगला. मी एका सर्व्हेच्या कंपनीत दिवसभर क्यूजीआयएस नावाच्या नकाशांच्या सॉफ्टवेअरवर नकाशेच करत असतो, त्यामुळे राहवलं नाही म्हणून लिहितोय, लांबलं तर बिनधास्त कात्री लावा.

बातमीसोबतच्या नकाशात प्रत्येक बागेभोवती ५०० मीटरचं हिरवं वर्तुळ काढलंय. आम्ही त्याला बफर म्हणतो. दोन क्लिकचं काम, बागांची लेयर (म्हणजे नकाशावरचा फक्त बागांचा थर) घ्या, ५०० टाका, झालं. जिथे हिरवं पडलं तिथल्या लोकांना बाग आहे, जिथे नाही पडलं तिथे नवी करायची. आमची सोसायटी हिरव्यात येते, म्हणजे आमचा विषय संपला.

आता ती बाग कुठे आहे ते ऐका. हायवेच्या पलीकडे. आमच्या गच्चीवरून तिथली लाल घसरगुंडी दिसते इतकी जवळ, पण जायचं तर मेन गेटनं बाहेर पडायचं कारण मागच्या गेटला कायमचं कुलूप, मग सर्व्हिस रोडनं उलट दिशेला अंडरपासपर्यंत चालायचं, पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी आणि एरवी टेम्पो उभे, तिथून पलीकडे निघून तेवढंच अंतर परत मागे यायचं आणि एवढं करून बागेचं गेट हायवेकडून नाहीच, ते पलीकडच्या गल्लीत. सहज दीड किलोमीटर होतं. नातवाचा हात धरून कुठली आजी रोज संध्याकाळी हे करणार? ज्यांच्याकडे गाडी आहे ते गाडी काढतात आणि मग बागेबाहेर पार्किंगवरून भांडणं.

बरं, सॉफ्टवेअरला हे कळत नाही असं अजिबात नाही, त्याला तसं विचारायला लागतं एवढंच. नेटवर्क अ‍ॅनालिसिस म्हणून प्रकार आहे. रस्त्यांची लेयर घ्यायची, पॉइंट बागेच्या मधोमध न टाकता तिच्या गेटवर टाकायचा (कंपाउंडवरून उडी मारून कोणी जात नाही, पोरं सोडली तर) आणि त्या गेटपासून रस्त्यानं पायी १० मिनिटांत जेवढा भाग येतो तेवढाच रंगवायचा. अमेरिकेत ट्रस्ट फॉर पब्लिक लँड नावाची संस्था तिकडच्या शहरांचं असंच मोजते, १० मिनिटं म्हणजे अर्धा मैल धरतात, आणि मोठे हायवे, रेल्वेलाइन, पूल नसलेली नदी हे सगळं अडथळा म्हणून वगळतात. आपल्याकडेही पैशाची अडचण सांगायची सोय नाही कारण क्यूजीआयएस फुकट आहे आणि ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या नकाशावरचे रस्तेही फुकट आहेत, थोडे दुरुस्त करून घ्यावे लागतात. मी आमच्या भागापुरतं करून बघितलं तर हायवेच्या अलीकडची अख्खी पट्टी कोरी पडली.

मग प्रश्न येतो माणसांचा. कुठे किती लोक राहतात हे धरल्याशिवाय बाग कुठे हवी ते कसं ठरणार, आणि आकडे कुठले घेणार? शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची झालीच नाही, ती आता २०२७ वर गेलीये. २०११ ला आमच्या इथे ज्वारी डोलत होती हो! आज टॉवर आहेत. म्हणजे त्या लेयरमध्ये आम्ही जन्मालाच आलेलो नाही, आणि जिथे माणूस नाही तिथे बागेची गरज शून्य असं कॉम्प्युटर म्हणाला तर त्याला दोष देता येत नाही. कोणी म्हणेल मतदारयादी वापरा, ती ताजी असते. पण मतदारयादीत १८ वर्षांखालचं कोणी नसतं, आणि मैदान सगळ्यात जास्त लागतं ते त्यांनाच. त्यापेक्षा मिळकतकराच्या नोंदी घ्या, फ्लॅट किती ते लगेच कळेल, शाळा आणि अंगणवाड्यांचा पट घ्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा असली गत आहे, डेटा पालिकेच्याच इमारतीत वेगवेगळ्या मजल्यांवर पडलाय.

आणि मोकळी जागा म्हणजे नक्की काय हेही एकदा ठरवा. सॅटेलाइटच्या फोटोत जे मोकळं दिसतं तिथे कुठे गुरुवारचा बाजार भरतो, कुठे दफनभूमी असते, कुठे वर्षानुवर्षं पोरं टेनिस बॉलचं क्रिकेट खेळतात. या शेवटच्या जागेवर बाग झाली की तिथे लॉन लागतं, कारंजं लागतं (ते उद्घाटनापुरतं चालतं) आणि गवतावर चालू नये अशी पाटी लागते. नकाशावर एक सुविधा वाढली, पोरांचं मैदान गेलं. म्हणून फोटोवर टिक करण्याआधी तिथे संध्याकाळी कोणीतरी जाऊन उभं राहायला पाहिजे, ऑफिसच्या वेळेत जाऊन काही कळणार नाही.

अजून एक. निळ्या पूररेषेच्या आत बांधकाम करता येत नाही म्हणून नदीकाठ बागेला द्यायचा ही आपल्याकडची जुनी सवय. पूररेषेत बाग असायला माझी हरकत नाही, इमारतीपेक्षा बरीच. पण केंद्राच्या २०१४ च्या नियोजन सूचनांमध्ये माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सांगितलीये, तो आकडा गाठायला सगळी हिरवळ नदीच्या कडेला ओतायची आणि आतल्या दाट वस्तीत काहीच नाही, याला काय अर्थ आहे? सरासरी छान येते, पोरं रस्त्यावरच खेळतात.

बागा-मैदानांसाठी राखून ठेवलेल्या प्लॉटांच्या आरक्षणाचं तर विचारूच नका. विकास आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली आणि जागा घेतली नाही तर एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, त्यानंतर २४ महिन्यांत पालिका हलली नाही तर आरक्षण उडालं. मग एवढ्या नकाशात प्रत्येक आरक्षित प्लॉटवर ही मुदत कधी भरते ती तारीख का नाही? लाल रंगात दाखवा की, ज्याची मुदत जवळ आलीये तो प्लॉट आधी ताब्यात घ्या, नव्या जागा नंतर शोधा.

शेवटी, हरकती-सूचना मागवताना तो नकाशा धुरकट पीडीएफ करून टाकू नका, झूम केलं की नावंही वाचता येत नाहीत. लेयर जशाच्या तशा डाउनलोडला ठेवा, प्रत्येक बागेचं गेट कुठे आहे आणि ते किती ते किती उघडं असतं तेही त्यात टाका. आमच्या पलीकडची बाग दुपारभर बंद असते, सकाळच्या शाळेची पोरं नेमकी तेव्हाच मोकळी असतात.

– एक वाचक (नाव छापू नये ही विनंती)